माझ्या फांदीतली साखळी

मी निंब बोलतोय. गोड बोलेन अशी आशा असेल तर आधीच सांगतो, ते माझ्या जातीला जमत नाही. मूळ कडू, पाला कडू. निंबोळी पिकली की तेवढी जराशी गोड, तीही पाखरांच्या वाट्याची. तुम्ही माझ्या सावलीला बसता, काडी मोडून दात घासता, पाडव्याला डहाळी नेता आणि जाताना मान वर करून बघतही नाही. असो. राग काढायला मी बोलत नाहीये. यंदाच्या वैशाखात माझ्या अंगाखांद्यावर एका पोरीचा जीव जाता जाता राहिला, ते सांगायचं आहे.

असोद्याकडून जळगावात शिरताना जी वस्ती लागते, तिथं मी उभा आहे. पूर्वी इथं सगळी कपाशी होती. कुठल्याशा कावळ्यानं विहिरीच्या काठावर निंबोळी टाकली आणि मी उगवलो. बैलांना सावली होईल म्हणून मला कोणी उपटलं नाही. पुढे विहीर बुजली, शेताचे प्लॉट पडले, महापालिकेची हद्द आली ती मला ओलांडून पार पुढे गेली. मी होतो तिथंच आहे.

पंडित आबांनी माझ्या बुंध्याशेजारी घर बांधलं. त्यांची बायको ताईबाई, साक्रीकडची. एवढी वर्षं जळगावात काढली, पण बोलणं अजून तिकडचंच. मला रोज पहिला तांब्या तिच्या हातचा. या घरात मी कोणाचा असेन तर तिचाच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि निंबाला झोके बांधतात, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. माझ्या पूर्वेकडच्या आडव्या फांदीवर दरसाल झोका असे. दोर काचून तुटतो म्हणून आबांनी एका वर्षी बैलाची लोखंडी साखळी आणली, फांदीला तिचा वेढा दिला आणि खाली पाट बांधला. आखाजी सरली की झोका सोडायचा. पण लेक माहेरी आहे तोवर सोडायचा नाही, हा ताईबाईच्या घरचा दंडक.

ताईबाईची लेक हेमांगी. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आली ती पाठीवर वळ घेऊन. झोक्यावर बसली, पण गाणं काही म्हणेना. न्यायला आलेल्या दिराला तिनं दारातूनच परत पाठवलं आणि मग ती गेलीच नाही. एक आखाजी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. लेक माहेरी, म्हणून झोका वर. वस्तीतल्या बायका जाता-येता पाटाकडे बघायच्या आणि पदराआड पुटपुटायच्या, "नांदत नाही वाटतं!" अगं बायांनो, वळ तुमच्या पाठीवर असते तर? ज्याचं जळतं त्याला कळतं.

इकडे साखळी मला काचत होती. माणूस काच सोसतो नाहीतर फेकतो. झाडाला फेकता येत नाही, झाड काच गिळतं. माझी साल दोन्ही बाजूंनी वाढत गेली आणि लोखंडावर चढली.

मग एके दिवशी हेमांगी नाशिकला गेली. नर्सिंग शिकली आणि तिकडेच आपल्या मनानं दुसरं लग्न केलं. बातमी आली त्या पहाटे आबा लोखंड कापायची करवत घेऊन शिडीवर चढले. खाली लोंबणारी साखळी त्यांनी कापून टाकली. वरचा वेढा सालीत इतका रुतला होता की तो निघेना. तो तसाच राहिला. शिडी धरून ताईबाई उभी होती. आबा वरूनच गरजले, "आजपासून या घरात तिचं नाव निघालं, तर माझं मेलेलं तोंड बघशील!" मुलगा नवल तेव्हा परीक्षेसाठी धुळ्याला होता. तो आला तेव्हा झोका नव्हता. त्यानं विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी.

आबा जाऊनही बरीच वर्षं झाली. शपथ मात्र जिवंत राहिली. माणसं मेलेल्यांचं एवढं ऐकतात आणि जित्यांचं का ऐकत नाहीत, हे मला अजून उमगलेलं नाही. माझ्या सालीनं वेढा पुरा झाकला. फांदीवर एक मोठी गाठ तेवढी दिसायची. आत काय आहे ते मला ठाऊक आणि ताईबाईला.

आता खरी गोष्ट.

त्या फांदीखाली आज मृणालीचं घर आहे, पत्र्याच्या छपराचं. तिचा नवरा प्रशील केळीचा ट्रक चालवतो. आठ-आठ दिवस बाहेर. घरात ती आणि तिची तान्ही मुलगी. चैत्रात एका दुपारी वारं सुटलं आणि माझ्या गाठीपाशी कडकन आवाज झाला. फांदी तडकली. लोखंडानं आतून कापतच आणली होती, वाऱ्याचं फक्त निमित्त. मृणाली लेकराला छातीशी धरून बाहेर धावली, वर पाहिलं आणि पांढरीफटक पडली. भेग तिच्या छपराच्या बरोब्बर वर होती. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. पान हललं तरी वाटायचं, गेली! आणि खाली पाळणा.

नवलनं आधी बोलावलं ते पुनाला. पुना म्हणजे वस्तीतला कुऱ्हाडवाला. त्यानं कमरेवर हात ठेवून मला खालून वर न्याहाळलं. खाटीक बोकडाकडे बघतो ना, तसं. म्हणाला, "फांदी कशाला, शेंड्यापासून बोडकाच करून टाकू. रविवारी उरकतो. सुट्टीचं कोण बघतं?"

त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा माझ्याच जातीच्या लाकडाचा होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते काय उगाच?

पण मृणाली आडवी आली. "नवलभाऊ, फांदीची मला भीती वाटते, झाडाची नाही. दुपारी याची सावली पत्र्यावर नसेल, तर माझी पोर भाजून निघेल. आणि पन्नाशी उलटलेलं झाड आहे. परवानगीशिवाय हात लावला तर केस होते."

केस म्हटल्यावर नवल टरकला. एसटीच्या डेपोत नोकरी, स्वभाव भित्रा. तो महापालिकेत गेला. वृक्ष अधिकारी येऊन बघून गेले. परवानगी मिळाली, पण अट घालून. तुटकी फांदी तेवढीच काढायची, बाकी झाडाला धक्का नाही आणि काम प्रमाणपत्र असलेल्या वृक्षतज्ज्ञाकडूनच करून घ्यायचं.

"आता हा झाडांचा डॉक्टर आणायचा कुठून?" नवल ओट्यावर डोकं धरून बसला. डेपोतल्या कोणीतरी धुळ्याचं नाव सुचवलं. दिपमाला. पुण्याला शिकलेली, परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेली.

"बाई?" नवल म्हणाला.

"तर काय झालं?" ताईबाई म्हणाली. "आखाजीले झाडवर बायाच ऱ्हातीस ना?"

दिपमाला आली ती दोन गडी, दोरांची ओझी आणि हेल्मेटं घेऊन. अंगानं किरकोळ, पण डोळे भारी चौकस. चढायच्या आधी माझ्याभोवती फिरली. बुंध्याला कान लावून लाकडी हातोडीनं ठोकत गेली. डॉक्टर छातीवर बोटं वाजवतो, तशी. बुटाला खिळे लावून चढू का, असं गड्यानं विचारलं, तर म्हणाली, "जित्या झाडाला खिळे लावायचे नसतात. जखमा होतात." मी तिच्यावर तिथंच खूष झालो. इतक्या वर्षांत माझ्या जखमेचा विचार करणारं पहिलंच माणूस!

ताईबाईनं तिला पाणी दिलं. "तू कोठली शे वं पोरी?"

"साक्रीनी शे मी, आजी."

ताईबाईचं तोंड उजळलं. "मना माहेरनी पोर!" तिनं दिपमालाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

मग दिपमालानं वर बोट दाखवलं. "ती गाठ मला खटकते आहे. तिथं कधी काही बांधलं होतं? तार, खिळा, लोखंड काही? लोखंडाला यंत्राची करवत लागली तर करवतीची साखळी तुटून तोंडावर येते. नीट आठवून सांगा."

"छे हो," नवल म्हणाला. "होतं ते आबांनी केव्हाच काढून टाकलं." तो खोटं बोलला नाही. वेढा आत राहिलाय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मी ताईबाईकडे पाहिलं. रिकामा तांब्या तिच्या हातात होता. ओठ हलले. तेवढ्यात नवलनं सहज तिच्याकडे बघितलं आणि तिनं मान खाली घातली. साखळी म्हटलं की झोका आला, झोका म्हटलं की नाव आलं. शेजारीपाजारी गोळा झालेले. झाकली मूठ सव्वा लाखाची! ती पदर सावरत ओट्यावर जाऊन बसली. तिला वाटलं असेल, इतक्या वर्षांत गंजून गेलं असेल लोखंड. नाही गं बाई. हवा लागली तर गंजेल ना. ते माझ्या पोटात जसंच्या तसं होतं.

दिपमालानं मृणालीला लेकरू घेऊन घराबाहेर काढलं. फांदीखाली दोरी लावून रिंगण आखलं आणि सगळ्यांना बजावलं, "मी वर असेपर्यंत या दोरीच्या आत कोणी पाय टाकायचा नाही. माझ्या कानावर झाकणं असतात, हाका मारून मला ऐकू येणार नाही." मृणाली ताईबाईजवळ ओट्यावर बसली. लेकरू ताईबाईच्या मांडीवर आलं.

काम मोठं नामी चाललं होतं. दिपमाला माझ्या वरच्या फांदीला दोर टाकून लटकली होती. तडकलेल्या फांदीवर तिनं भारच टाकला नाही. टोकाकडच्या डहाळ्या कापायची, प्रत्येकीला दोर बांधायची आणि गडी हळूच खाली सोडायचे. छपरावर पानसुद्धा पडलं नाही. मग उरला तो मधला जाड ओंडका, भेग पडलेला. तिनं तो दोन दोरांनी वरच्या फांदीला टांगला. गाठीत कापायचा आणि झोका दिल्यासारखा अंगणात उतरवायचा, असं ठरलं.

एवढ्यात पश्चिमेचं आभाळ पिवळं झालं. धुळीचा लोट दिसायला लागला. खालून गडी ओरडला, "ताई, वावधन येतंय!" त्यानं हातवारे केले. दिपमालानं मागे वळून पाहिलं. ओंडका अर्धवट टांगलेला ठेवून खाली उतरावं, तर वाऱ्यानं तो छपरात घुसेल. तिनं तोंडावरची जाळी ओढली आणि करवत सुरू केली.

दात माझ्या सालीत शिरले. दुखलं, पण दुखण्याचं काय एवढं? मला दिसत होतं ते लोखंड. साल, मग थोडं लाकूड, मग साखळी. आणि तिच्यासमोर त्या पोरीचं तोंड. मी काय करणार? पानं सळसळवली. वाऱ्यात सगळीच सळसळत होती. अरे देवा, एवढा मोठा झालो, एवढ्या फांद्या फुटल्या, एक जीभ फुटली असती तर!

बोल ताईबाई. बोल गं बये. तुझ्या माहेरची पोर आहे ती.

मांडीवरचं लेकरू ताईबाईकडे टकामका बघत होतं. तिनं ते मृणालीच्या हातात दिलं, उभी राहिली आणि कळवळून ओरडली, "पोरी, थांब वं! थांब!"

करवतीच्या आवाजात काहीच ऐकू गेलं नाही. ती पुन्हा ओरडली. नवल म्हणाला, "माय, काय झालं? बस खाली."

ती बसली नाही. ओटा उतरली आणि गुडघेदुखीची ती म्हातारी चक्क धावली. दोरीखालून वाकून रिंगणात शिरली, टांगलेल्या ओंडक्याच्या थेट खाली जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. डोक्यावरचा पदर पडला, पांढरे केस वाऱ्यावर उडायला लागले. "माय!" नवल किंचाळला. मृणालीनं डोळे मिटून घेतले.

दिपमालाचं लक्ष खाली गेलं. करवत बंद झाली.

लोखंड आणि तिच्या दातांच्या मध्ये माझं बोटभर लाकूड राहिलं होतं.

"आजी!" दिपमाला वरून संतापानं ओरडली. "मरायचंय का? बाजूला व्हा!"

"मी मरसू तर मरू दे. तू नको मरू!" ताईबाईला धाप लागली होती. "त्या गाठमा साखळी शे. लोखंडनी. मनी हेमांगीना झोकानी साखळी शे ती."

त्या नावासरशी नवल जागच्या जागी थिजला.

"माय, लोक आहेत," तो हळूच म्हणाला.

"ऱ्हाऊ दे! ऐकू दे बठ्ठासले!" तिचा आवाज फाटला. "मना लेकले मारेत, म्हणीसन ती माहेरले उनी. तिनी काय चूक? मी गप बठनू. आते नही बठाव!"

मी कडू झाड आहे, मला सहसा कोणाचं कौतुक येत नाही. पण त्या क्षणी ताईबाईपुढे वाकावंसं वाटलं.

गड्याला खूण करून दिपमालानं ताईबाईला रिंगणाबाहेर न्यायला लावलं आणि कापायची जागा बदलली. गाठ सोडून बुंध्याकडे आली, जिथं फांदी खोडातून निघते त्या फुगीर कडेच्या जरा बाहेर. आधी खालून थोडं कापलं, म्हणजे साल सोलून निघू नये. मग वरून. शेवटचं हाताच्या करवतीनं, सावकाश. धूळ अंगावर येत होती, दोर कुरकुरत होते, दोन्ही गडी टाचा रोवून मागे रेलले होते. नवल पुढे झाला आणि त्यानंही दोर धरला. ओंडका सुटला, एक हेलकावा घेऊन छपराच्या कडेपासून हातभर अंतरावरून गेला आणि अंगणात टेकला. दिपमाला खाली उतरली आणि मग वारा आला.

काय वारा होता तो! असोद्याकडच्या केळीच्या बागा त्या संध्याकाळी आडव्या झाल्या. मी पुरता हललो. पण मृणालीच्या छपरावर काही पडलं नाही.

आता माझं म्हणाल तर बरं चाललंय. एका अंगाला हलका झालोय. दिपमालानं सांगितलं होतं, घावाला शेण, डांबर, रंग काही फासू नका, तो आपला भरून येईल. तो भरायला लागलाय, चहूबाजूंनी साल पुढे सरकतेय. दुपारची सावली पत्र्यावर पडते, थोडी विरळ. खालची पोर आता रांगते आणि माझी पिवळी पानं तोंडात घालते. घाल बाई, सवय असावी.

तुमच्याकडे मागणं एकच. झाडाला हात लावायचा तर जाणत्या माणसाच्या हातानं लावा आणि त्याच्यापासून काही झाकून ठेवू नका. मला तोंड नाही म्हणून मी गिळत गेलो. तुम्हाला दिलंय ना देवानं? मग कोणाच्या मरणाची वाट बघत गप्प बसता?

निघा आता, तुमचीही कामं असतील. पण त्या संध्याकाळचं थोडं सांगायचं राहिलं, तेवढं ऐकून जा.

वारा पडल्यावर ताईबाई ओट्यावर येऊन बसली. वीज गेलेली. नवल दारात उभा होता. मग ताईबाई म्हणाली, "नवल, तिना नंबर कोठे भेटी का रे? कोणले तरी इचारी देख."

नवलनं खिशातून फोन काढला. कोणाला विचारलं नाही, काही शोधलंही नाही. घडाघडा आकडे दाबले. नंबर त्याला पाठ होता.

ताईबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

"दर राखीपौर्णिमेला बोलतो मी तिच्याशी," तो खालच्या मानेनं म्हणाला. "तुला चालणार नाही असं वाटायचं, माय. ती दरवेळी तुझंच विचारते."

त्यानं फोन तिच्या कानाला लावला. तिकडून काय आवाज आला ते मला ऐकू आलं नाही. ताईबाईनं दोन्ही हातांनी फोन घट्ट धरला. इतक्या वर्षांचं काय काय साठलं होतं तिच्या पोटात, पण तोंडातून निघालं ते एवढंच.

"जेवनी का वं, बेटा?"